डोंगल कुणाच्या कपाटात?

या वेळचं पत्र एका सरपंचताईंचं आहे. गावाचं नाव त्यांनी कळवलंय, पण ते इथे देत नाही. पत्र थोडं आवरून घेतलं आहे.

"काका, आठ महिन्यांपूर्वी मी सरपंच झाले. जागा महिलांसाठी राखीव होती म्हणून घरच्यांनी उभं केलं, लोकांनी निवडून दिलं. गाव एकोणीसशे वस्तीचं, मतदार 1,450, सदस्य 9. माझी बारावी झालीय, कागद वाचता येतो, पण वाचायला कुणी देत नाही. भाऊसाहेबांकडे तीन गावं आहेत, ते मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. माझा डिजिटल सहीचा डोंगल त्यांच्याच कपाटात असतो. महिन्याची मीटिंग होते म्हणजे ठराव लिहायचं प्रोसिडिंग बुक घरी येतं आणि मी सही करते. ऑफिसात माझ्या खुर्चीवर दीर बसतात. गल्लीत गट्टू बसवायचं काम त्यांच्या भागीदाराला द्यायचं चाललंय. घरपट्टी निम्मीसुद्धा वसूल नाही, लाइट बिल थकलंय, आणि पुढच्या ग्रामसभेत विरोधक गोंधळ घालणार असं सगळे म्हणतात. सही कुठे करायची आणि कुठे नाही, एवढं तरी सांगा."

ताई,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य गट्टूंचं नाही आणि दिरांचंही नाही. 'प्रोसिडिंग बुक घरी येतं आणि मी सही करते' हे आहे. मी स्वतः एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो. अशी पुस्तकं घरोघरी मीही पाठवली आहेत. शिपाई सायकलवर जायचा, सरपंच शेतात असायचे, बांधावर बसून सही व्हायची. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे. तेव्हा हे पत्र कपाटाच्या पलीकडच्या बाजूने आलंय असं समजा. आता शासनाने ग्रामसेवकाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलंय, पण तुम्हीही भाऊसाहेबच म्हणता, तर मीही तसंच लिहितो.

आधी डोंगल. वित्त आयोगाच्या पैशाचं पेमेंट ऑनलाइन होतं. भाऊसाहेब ते तयार करतात, सरपंच मान्य करतो, आणि दोघांच्या डिजिटल सह्या लागल्याशिवाय रुपया हलत नाही. दोन सह्या ठेवल्या त्या एकाने दुसऱ्याला अडवावं म्हणूनच. तुमची सही भाऊसाहेबांच्या कपाटात असेल तर दोन्ही सह्या एकच माणूस करतोय. एका ग्रामपंचायतीच्या दप्तर तपासणीला गेलो होतो, तिथे सरपंचांचा डोंगल टेबलाच्या खणात होता. पिन चिठ्ठीवर लिहून तिला रबर बँडने गुंडाळलेला. सरपंचांना विचारलं, शेवटचं पेमेंट कशाचं केलंत? म्हणाले, भाऊसाहेबांना माहीत. त्या पेमेंटला सही त्यांचीच होती. कोऱ्या चेकवर सही करून ठेवणं आणि हे, यात मला तरी फरक दिसत नाही.

भाऊसाहेबांशी यावरून भांडू नका. ते चोरी करतायत असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा सोयीसाठीच असं चालतं. तीन गावं, नेट चालेल तेव्हा चालणार, सरपंच हाताशी नाहीत, मग काम अडायला नको. तुम्ही मंगळवारी शांतपणे सांगा: "भाऊसाहेब, डोंगल माझ्याकडे राहील. तुम्ही यायच्या दिवशी मी ऑफिसात असेन, तेव्हाच पेमेंट करू." पिन त्यांच्यासमोर बदला. नवा पिन घरात कुणालाही सांगू नका. कुणालाही म्हणजे मालकांनाही नाही. डोंगल ताब्यात घेतल्याचं दोन ओळींचं पत्र आवक-जावकला नोंदवा. पुढे कधी चौकशी लागली तर त्या तारखेला महत्त्व येईल. लेखापरीक्षणात वसुली निघाली की ती सहसा सरपंच आणि भाऊसाहेब दोघांवर निघते, आणि 'मी नुसती सही केली' हे उत्तर तिथे कुणी ऐकत नाही.

आता मासिक सभा. बाकी सगळं या एका पुस्तकातून निघतं, म्हणून इथे जरा बसतो.

सभा बोलवायची तुम्ही, अध्यक्षस्थानी बसायचं तुम्ही. नोटीस तीन दिवस आधी विषयपत्रिकेसह सदस्यांना पोचली पाहिजे, आणि पोचल्याची सही पाहिजे. दर महिन्याला सभा घ्यायची जबाबदारी कायद्याने सरपंचावर टाकलीय. कारण नसताना ती चुकवली तर पद जाऊ शकतं, आणि ते भाऊसाहेबांचं नव्हे, तुमचं. कागदावर झालेली सभा ही न झालेली सभाच. विरोधातल्या एका सदस्याने 'मला नोटीसच नव्हती' असा अर्ज दिला की ती उघडी पडते.

सभेत काय होतं ते सांगतो. सदस्य येतात, हजेरीवर सह्या करतात, चहा होतो, चर्चा होते, उठून जातात. प्रोसिडिंग नंतर 'सवडीने' लिहिलं जातं. विषय पाच असतात. शेवटी एक ओळ असते, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. तिच्याखाली अर्धं पान कोरं. हजेरीच्या सह्या आधीच झालेल्या असतात, त्यामुळे त्या अर्ध्या पानात दोन आठवड्यांनी काहीही बसू शकतं: कुणाच्या घराची नोंद, कुणाला नाहरकत, कुणाचं बिल. खाली 'सर्वानुमते मंजूर', सूचक अमुक, अनुमोदक तमुक. सूचकाला स्वतःचं नाव लागल्याचं वर्षभराने कळतं. तो 'अध्यक्ष' तुम्ही आहात, ताई. ती परवानगी तुमच्या नावाने दिली जाते.

म्हणून दोन सवयी लावून घ्या. ठराव सभा चालू असतानाच लिहून व्हायला हवेत, तेही मोठ्याने वाचून. अर्धा तास जास्त जाईल, सदस्य कुरकुरतील, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सवय होईल. आणि शेवटच्या ओळीखाली लगेच आडवी रेघ ओढून, रेघेला चिकटून सही. मध्ये एका बोटाची जागा सोडायची नाही. पानांना नंबर आहेत का तेही पाहा. मी अशा रेघा ओढणाऱ्या एका बाई सरपंचांच्या हाताखाली काम केलंय. चौथी शिकलेल्या होत्या. पहिले दोन महिने मला त्यांचा फार राग यायचा.

मागच्या आठ महिन्यांचं काय, असं विचाराल. पुस्तक मागवा आणि घरी नाही, ऑफिसात बसून एकेक ठराव वाचा. जो आठवत नाही तो वहीत उतरवून घ्या आणि पुढच्या सभेत विषय ठेवा: मागील सभांच्या ठरावांचा आढावा. आरोप करू नका, फक्त विचारा. चुकीचा वाटला तो ठराव रद्द करायला रीतसर ठरावच लागतो. जुन्या पानावर खाडाखोड करायची नाही, करू द्यायची नाही.

रोकडवहीचं थोडक्यात. ही नमुना 5 ची वही. महिनाअखेरीला बँकेचं पासबुक शेजारी ठेवा आणि शिल्लक जुळते का पाहा. वहीत 'हाती शिल्लक' म्हणून मोठी रक्कम दिसली तर ती कुणाच्या हाती आहे, हे विचारायचं. वसुलीचे पैसे आधी बँकेत जायला हवेत, खर्च नंतर तिथून. वसुलीतूनच परस्पर टीसीएल (पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर) आणलं, पाण्याची मोटार भरून घेतली, असं करायचं नाही, खर्च खरा असला तरीही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी घरपट्टीचे पैसे पेरणीच्या गडबडीत नऊ दिवस घरी डब्यात ठेवले होते. सगळे होते, एक रुपया इकडचा तिकडे नव्हता. ऑडिटरने लिहिलं 'तात्पुरता अपहार'. तो शब्द माझ्या कागदांतून पुसायला चार वर्षं गेली.

गट्टूंच्या कामावर सही करू नका. हे एवढं स्पष्ट सांगायची वेळ क्वचित येते, पण इथे येते. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 14 म्हणतं की पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर तो सदस्य राहायला अपात्र. दिरांचा भागीदार, एकत्र कुटुंब, एक चूल. विरोधकांचा वकील एवढ्यावर भागवेल. निकाल काहीही लागो, तुमची पुढची दोन वर्षं जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्यांवर जातील. घरात सांगताना 'मला पटत नाही' असं म्हणू नका, त्यावर वाद होईल. 'माझं पद जाईल' असं सांगा. ते घरच्यांना लवकर समजतं. मी पाहिलेल्या घरांत तरी.

ठेकेदार कुणीही असो, बिल आलं की तीन कागद मागायचे: कामाचा ठराव, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, आणि अभियंत्याने मोजमाप वहीत टाकलेली मापं. मग ती मापं घेऊन गल्लीत जायचं. सोबत टेप. गट्टूंची जाडी बिलात 80 मिलिमीटर आहे आणि गल्लीत 60 ची बसलीय, हे पाहायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. कडेचा एक गट्टू उचलला की कळतं.

वसुलीला हात घालण्याआधी स्वतःची घरपट्टी आणि पाणीपट्टी भरा, नमुना 10 ची पावती घ्या आणि पर्समध्ये ठेवा. मग बाकीच्या सदस्यांची थकबाकी काढा. कराचं बिल मिळूनही तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्यही त्याच कलम 14 मध्ये येतो, आणि गावात थकबाकीची मोठी नावं बऱ्याचदा टेबलाभोवतीच बसलेली असतात. त्यांनी भरलं की निम्मं काम झालं. भरलं नाही तर दारोदार फिरण्यात अर्थ नाही, पहिल्याच दारात तुम्हाला उपसरपंचांचं नाव ऐकवतील.

बिलं वेळेत वाटली जातात का बघा. बऱ्याच गावांत बिल मार्चमध्ये पोचतं आणि वसुली नाही म्हणून मार्चमध्येच ओरड होते. कर वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत भरला तर 5 टक्के सूट आहे. बिलच उशिरा गेलं तर ती सूट कुणाला मिळणार? एप्रिल-मेमध्ये बिलं द्या, सुगीचे पैसे हातात येतील तेव्हा पुन्हा फेरी. कायद्यात मागणीची नोटीस आहे, शेवटी जप्तीही आहे. जप्तीपर्यंत सहसा कुणी जात नाही, पण लोकअदालतीची नोटीस गेली की तालुक्याला खेटा नको म्हणून पुष्कळ लोक भरतात. औरंगाबाद जिल्ह्यातल्या पाटोद्याने (आता छत्रपती संभाजीनगर जिल्हा) पूर्ण कर भरणाऱ्याला दळण फुकट दिलं, ते सगळीकडे गाजलं. मग राज्यभरातून लोक गिरणी बघायला गेले. नुसती गिरणी आणून भागत नाही. कर भरला की बदल्यात काहीतरी हातात पडतं, हे माणसाला दिसावं लागतं. तुमच्याकडे ते रोज वेळेवर सुटणारं पाणी असू शकेल.

स्वतःच्या उत्पन्नातून काही वाटे कायम बाजूला काढायचे असतात: 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी. समजा उत्पन्न 4 लाख, तर हे झाले 60 हजार, 40 हजार आणि 20 हजार. होतं काय, वर्षभर कुणी बघत नाही आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात समाजमंदिराला पातेली आणि प्लास्टिकच्या खुर्च्या येतात. यंदा ऑक्टोबरमध्येच त्या त्या वस्तीत जाऊन विचारा काय हवंय. पातेली नको, गटारीवर फरशी हवीय, असं ऐकायला मिळेल बहुतेक.

लाइट बिलाचं सांगतो. पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं आणि दिवाबत्तीचं कनेक्शन वेगळं, बिलं वेगळी. सगळे मीटर स्वतः फिरून पाहा, ग्राहक क्रमांक वहीत लिहा. आटलेल्या विहिरीवरचं जुनं कनेक्शन अजून चालू दाखवून बिल येत असतं, असं मला एकदा नाही, तीन गावांत सापडलंय. ते बंद करायचा अर्ज द्या, बाकीच्याचे हप्ते पाडून मागा.

पाण्याचं तुम्ही काही विचारलं नाहीत. मी विचारतो. टाकीत टीसीएल कोण टाकतं? पोतं कुठे ठेवलंय? उघडं, ओलसर खोलीत असेल तर त्यातला क्लोरिन उडून गेलेला असतो आणि पाणी कामगार इमानदारीने नुसती पांढरी पूड टाकत असतो. ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यात क्लोरिन आहे का ते पाहायची बाटली मागा आणि टाकीखाली नाही, गावातल्या अगदी शेवटच्या नळावर टेस्ट करा. पाणी पिवळसर झालं तर ठीक, जसंच्या तसं राहिलं तर त्या नळापर्यंत क्लोरिन पोचत नाही. टेस्टचं पाणी फेकून द्यायचं, प्यायचं नाही. हे आठवड्यातून एकदा स्वतः करा आणि नोंदवहीत सही करा. सही कुठे करायची विचारलंत ना, त्यातली ही एक.

ग्रामसभेची धास्ती घेऊ नका. गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. तुमच्याकडे 15 टक्के म्हणजे दोनशेच्या वर जातात, म्हणून 100 माणसं पुरतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. हे विरोधकांनाही माहीत असतं. पहिल्या सभेला फिरकत नाहीत, दुसरीला बरोबर येतात. म्हणून दवंडी, नोटीस, व्हॉट्सअ‍ॅप, मंदिराचा स्पीकर, सगळं आठ दिवस आधी.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायचीच असते. ती बहुतेक गावांत कागदावरच होते. तुम्ही खरी घ्या, अंगणवाडीत, दुपारी दोनला, स्वयंपाक आवरल्यावर. बायका तिथे जे बोलतील त्याचे ठराव लिहा आणि दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत सगळ्यात आधी तेच वाचा. ज्या चाळीस बायकांनी काल ते सांगितलंय त्या आज समोर बसलेल्या असतील. त्यांच्यासमोर गोंधळ घालणं वाटतं तितकं सोपं नसतं.

सभा सुरू होताच मागच्या ग्रामसभेचं इतिवृत्त वाचा आणि प्रत्येक ठरावापुढे सांगा: झालं, नाही झालं, का नाही झालं. जमा-खर्चाचा कागद आदल्या दिवशीच भिंतीवर लावा. आरडाओरडा करणाऱ्याला 'लेखी द्या, उत्तर लेखी देते' एवढंच म्हणा आणि तो अर्ज तिथल्या तिथे आवक करून त्याला पोच द्या. पोच हातात पडली की पुष्कळांचा आवाज खाली येतो, कारण मग पुढचं बोलणंही कागदावर येणार असतं. उत्तर मात्र खरंच द्या.

भाऊसाहेब यातल्या एखाद्या गोष्टीला नाही म्हणाले तर पहिल्यांदा तोंडी, दुसऱ्यांदा लेखी सांगा, आणि मगच पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्यांना भेटा. थेट बीडीओंकडे (गटविकास अधिकाऱ्यांकडे) तक्रार घेऊन जाऊ नका. तुमची अजून चार वर्षं जायची आहेत आणि कामं त्याच माणसाबरोबर करायची आहेत.

राहिले दीर. नातेवाइकांनी सरपंचाच्या कामात लुडबूड करू नये, असं शासनाचं म्हणणं आहेच, पण परिपत्रक वाचून दाखवल्याने घरातलं माणूस खुर्चीवरून उठत नाही. तुमचं ऑफिस शिपाई उघडतो. उद्यापासून किल्ली तुम्ही घेत चला. सकाळी पावणेदहाला, ते यायच्या आधी, जाऊन बसा. टेबलावर प्रोसिडिंग बुक, रोकडवही आणि आवक-जावक उघडी ठेवा. ते आले की 'बसा भाऊजी' म्हणून समोरची खुर्ची दाखवा आणि शिपायाला चहा सांगा. पहिले दोन-तीन दिवस अवघडल्यासारखं होईल, त्यांनाही आणि तुम्हालाही. मंगळवारी भाऊसाहेब आले की बाकी काही बोलण्याआधी त्यांच्याकडून डोंगल मागून घ्या.